साहेबांचं अर्धं घोंगडं

तुम्हाला काल काय जेवलात ते आठवत नाही, मग मागच्या निवडणुकीत कोण काय बोललं ते कुठून आठवणार... म्हणून मी सांगते. मला लिहिता येत नाही, त्यामुळे सगळं डोक्यातच ठेवावं लागतं. नात टाइप करून राहिली, चुका तिच्या.

हिंगोली नवा नवा जिल्हा झाला होता. गावात साहेब मत मागायला येणार होते. आम्ही मेंढरंवाले, पुढारी आला की त्याला घोंगडं पांघरायचं, फोटो काढायचा, ही रीत. लोकर कातायचं काम माझ्याकडं.

त्याच महिन्यात हट्टा गावात दिलेली माझी लेक कौसा माघारी आली होती. जावई वारला, अन् दीर म्हणाला, "कागदावर तुझं नाव हाय का कुठं?" बारा वर्षं जिथं कापूस वेचला, तिथून लेकरू काखेत घेऊन निघाली.

आमचं घोंगडं दोन पट्ट्यांचं, मधोमध शिवलेलं. मी शिवलंच नाही, एकच पट्टी नेली. साहेबांचा एक खांदा झाकला, दुसरा उघडा... फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

"मावशी, लेकराचं आणलं काय?" साहेब हसले.

"न्हाई साहेब, तुमचंच. दुसरी पट्टी पेटीत हाय. नवरा जिता असतानाच सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागलं पायजे, असा कायदा मुंबईच्या विधानसभेत उठून मागा. त्या दिवशी शिवून देते."

साहेबांनी पट्टी ठेवून घेतली, मान डोलावली. मान काय, आमची मेंढरंही डोलावतात.

मी ऐटीत घरी आले. सून शेवंता भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "आत्याबाई, आपल्या सातबाऱ्यावर माझं नाव हाय का वो?"

तव्यावरची भाकरी करपली. जमीन एकट्या पोराच्या नावावर. शेवंता नाही, कौसा नाही... मीसुद्धा नाही. म्हातारा गेला तेव्हा हक्क सोडल्याच्या कागदावर मीच हौसेनं अंगठा दिला होता.

दुसऱ्या दिवशी पोराला पुढं घालून तलाठ्याकडं निघाले. "माय, काहून माझी इज्जत काढून राहिली?" म्हणाला. मी म्हटलं, "काढलेली इज्जत परत येती. काढलेली बाई कुठं जाती, ते कौसाला इचार."

नवरा जिवंत असताना बायकोचं नाव कशाला, असं प्रत्येक टेबलावर ऐकलं. चकरा मारता मारता वर्ष गेलं. पण तिघींची नावं लागली.

पोरगा ऐकणारा, सासू भांडखोर, तरी वर्ष लागलं. जिथं सासूच आडवी, तिथल्या सुनेनं काय करावं... म्हणून कायदा पायजे, मेहेरबानी नको.

पाच वर्षांनी साहेब परत आले. औक्षणाला उभ्या राहिलेल्या बायांनी विचारलं, "सायेब, मावशीची पट्टी आणली का?" त्यांना काही आठवेना. मी आमच्या सातबाऱ्याची नक्कल हातात दिली. "आमी केलं. आता तुमी करा."

आता तिसऱ्यांदा येणार म्हणे. साहेब, कोणी वाचून दाखवलं तर नीट ऐका. नाल्या अन् सभामंडप कोणीही बांधतो. भिऊ नका, बाप्ये रुसतील, पण आठव्या दिवशी जेवायला येतात... माझा पोरगाबी आला. पट्टी पेटीत आहे, अजून कसर लागू दिलेली नाही.

अन् यंदा दिवाळीला मिठाईचा डबा धाडू नका. कायदा होईल त्या दिवशी पेढे पाठवा. मऊ बघून पाठवा, दात दोनच राहिलेत.