दोर म्हणजे दोर

कोर्टाच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, भाषांतराची खोली होती. दोन टेबलं, एक कपाट आणि कधीच नीट न लागणारी खिडकी. एका टेबलावर दुभाषीबाई भाषांतर करायच्या, दुसऱ्यावर मी ते टाइप करायचो. एकोणीस वर्षं आम्ही असे समोरासमोर बसलो.

बाईंना समुद्रापलीकडच्या एका देशाची भाषा येत होती. पुस्तकातून शिकलेली नाही. त्यांचे वडील तिथल्या बंदरात बारा वर्षं हमाली करत होते, आणि बाईंचं लहानपण गोदीच्या मागच्या खोल्यांत गेलं. त्यामुळे तिथल्या शिव्यासुद्धा त्यांना तोंडपाठ होत्या. कामात शिव्यांचा फारसा उपयोग नव्हता. वर्षानुवर्षं आमच्याकडे यायचे ते जन्मदाखले, घटस्फोटाचे हुकूम, खलाशांचे जबाब.

मग ते ध्वनिमुद्रण आलं. चार महिन्यांचे टॅप केलेले फोन. एका बाजूला त्या देशातल्या टोळीचा माणूस. त्याची टोळी आपल्या बंदरातून अंमली माल उतरवायची. दुसऱ्या बाजूला आपल्या बंदरमंत्र्यांचा मेव्हणा. त्याचं जहाजांना सामान पुरवायचं दुकान होतं आणि त्या निमित्ताने तो ती भाषा बऱ्यापैकी बोलायचा. पैसे टोळीकडून दुकानात आणि दुकानातून मंत्र्यांच्या संस्थेत जात होते, असं तपास अधिकाऱ्याचं म्हणणं होतं. कागद दुकानापर्यंतच पोचत होते. पुढचं सगळं फोनवरच्या बोलण्यावर अवलंबून.

बाई कानाला हेडफोन लावून बसायच्या. तेच वाक्य दहादा ऐकायच्या. चष्मा काढून डोळे चोळायच्या, परत लावायच्या. त्या कामात त्यांचे केस पिकले असं मी म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "पिकलेलेच होते. रंग लावायला सवड नाही."

सगळा घोळ एका शब्दाचा होता. टोळीवाला सारखं विचारायचा, "साहेबांचा दोर पोचला ना?" एकदा मेव्हणा म्हणाला, "निवडणूक आलीय. दोर जाड करा."

त्या भाषेत तो शब्द म्हणजे दोर, दुसरं काही नाही. पण गोदीत त्याचा वेगळा अर्थ होता. जहाजावरून फेकलेला दोर किनाऱ्यावर कुणालातरी झेलावा लागतो. झेलणाऱ्याचा वाटा, म्हणजे डोळेझाक करायचे पैसे, त्यालाच तिथे दोर म्हणतात. बाईंनी भाषांतरात तसंच लिहिलं आणि खाली सही केली.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी त्यांचा धाकटा भाऊ घरी आला. तो लहानसा कंत्राटदार. बंदर खात्याच्या शेड दुरुस्त करायची कामं त्याच्याकडे होती. बाईंनीच हे मला नंतर सांगितलं.

"ताई, दोर म्हणजे दोर. कोर्टात एवढंच म्हणायचंय तुला," तो म्हणाला. "खोटं बोल असं कुणी सांगतंय का? शब्दकोशात आहे तेच सांग."

"तुला माहितीय ना रे त्याचा अर्थ? बाबांकडे परवाना नव्हता, निम्मा पगार मुकादमाच्या दोराला जायचा. आपण दोघंही ऐकत होतो."

"मी लहान होतो. मला नाही आठवत."

"तू दहा वर्षांचा होतास."

तो उठला. चहाला हातही लावला नाही. दारात म्हणाला, "माझ्याकडे अकरा माणसं कामाला आहेत. त्यांच्या घरी जाऊन तूच सांग मग, अर्थ काय तो."

बाईंना त्याचा राग आला नव्हता. "त्याचं खोटं नव्हतं," त्या मला म्हणाल्या. "अकरा माणसं होतीच."

साक्षीच्या दिवशी मी मागच्या बाकावर होतो. मेव्हण्याच्या वकिलाने त्या शब्दाचा पार कीस पाडला.

"हा अर्थ कोणत्या शब्दकोशात आहे, बाई?"

"कोशात नाही."

"मग कुठे आहे?"

"आमच्या घरात होता. आई विचारायची, पगार एवढाच? बाबा म्हणायचे, बाकीचा दोराला गेला."

लोक हसले. न्यायाधीशांनी वर पाहिलं तसे गप्प झाले.

"माझे अशील दोर विकतात, हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"आहे. पण निवडणुकीत जहाजं बांधत नाहीत."

"फलक बांधतात," वकील म्हणाला आणि खाली बसला.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठातले एक प्राध्यापक आले. येताना जाडजूड कोश घेऊन आले. दोर म्हणजे दोर, त्यांनी शपथेवर सांगितलं. माणूस सज्जन होता. गोदीत कधी गेला नव्हता, एवढंच. सात महिन्यांनी निकाल लागला. अर्थाबद्दल संशय आहे, त्याचा फायदा आरोपींना. मंत्री सुटले, मेव्हणाही सुटला.

भावाची कामं मात्र त्याआधीच गेली होती. बाईंनी साक्ष दिली त्याच आठवड्यात. अकरातली आठ माणसं त्याने कमी केली आणि बहिणीशी बोलणं बंद केलं. पुढच्या वर्षी कोर्टाच्या दुभाष्यांची नवी यादी लागली, तीत बाईंचं नाव नव्हतं. कारण विचारायला त्या गेल्या नाहीत. टेबलाच्या खणातली औषधं आणि खुर्चीवरची उशी पिशवीत भरली आणि मला म्हणाल्या, "खिडकीला कागद लावून ठेवा, थंडीत त्रास होईल."

दोन वर्षांनी समुद्रापलीकडच्या त्या देशात टोळीवर खटला चालला. फोनही तेच. तिथल्या न्यायाधीशांना त्या शब्दासाठी साक्षीदाराची गरज पडली नाही. त्यांनी एका ओळीत लिहिलं की अमुक रक्कम किनाऱ्यावरच्या राजकीय माणसाच्या दोरापोटी गेली. एका वर्तमानपत्राने भाषांतरासाठी तो निकाल बाईंकडेच पाठवला. एकशे साठ पानं. मी भेटायला गेलो तेव्हा त्या जेवणाच्या टेबलावर निम्म्यात होत्या.

"बरं वाटलं असेल," मी म्हणालो.

"पाठ दुखतेय," त्या म्हणाल्या. मग पान उलटत म्हणाल्या, "तेव्हा मला वाटायचं, कुणीतरी एकदा म्हणावं, बाईंचं बरोबर होतं. आता वाटतं, ही पानं संपली की झोपावं."

बातमी आली. परक्या देशाचा निकाल आपल्याला लागू नाही, असं मंत्री म्हणाले. तोवर त्यांना मोठं खातं मिळालं होतं. आठवड्याभरात लोक दुसऱ्या विषयाकडे वळले.

गेल्या महिन्यात बाईंची भावजय आली होती. भाचीला त्याच देशात शिकायला जायचं आहे. गुणपत्रिका, दाखले, एकूण नऊ कागद. भाऊ खाली गाडीत बसून होता. बाईंनी कागद ठेवून घेतले आणि तिसऱ्या दिवशी करून दिले. भावजय पैसे देऊ लागली, त्यांनी घेतले नाहीत.

"वर बोलवायचंत त्याला," मी म्हणालो.

"जिना चढायचा म्हणजे त्याचे गुडघे दुखतात," त्या म्हणाल्या, आणि चष्मा पुसायला लागल्या.