खिंडीत राहिलेली डहाळी

सांगायला लागण्याआधी एक स्पष्ट करते — या सदरातले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आले. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, वळणावर लिफ्ट मागणारी बाई... दुपारी भांडी आवरली की मी हे मोबाईलवर वाचायचे आणि शेजारच्या शैलाकाकूंना मोठ्याने ऐकवायचे. दोघी पोट धरून हसायचो. देवाला हात जोडते, पण तेवढंच. अंगात आलेल्या एका बाईला मी तांब्याभर पाणी मारून उठवलेलं आहे. तेव्हा लिहिणारी भोळी आहे असं समजू नका. मी नक्की काय आहे हे हल्ली मलाच नीट सांगता येत नाही, पण भोळी नाही.

आमचं घर काशीदला. पुढे चार खोल्या पाहुण्यांना भाड्याने, मागे आम्ही. आम्ही म्हणजे मी, आई आणि माझा धाकटा भाऊ दिनेश. मी स्वयंपाक बघायचे, तो समुद्रावर बनाना बोट चालवायचा. दिवसभर खाऱ्या पाण्यात, संध्याकाळी घरी आला की ओल्या चड्डीनेच खुर्चीवर बसायचा आणि माझ्या शिव्या खायचा. "ताय, खुर्ची प्लास्टिकची हाय, ती काय आजारी पडतेय?" असं वर तोंड करून बोलायचा. लाडावलेला होता. मीच लाडावून ठेवला होता.

गेल्या वर्षी पौषात तो डोंगरावर गेला आणि आला नाही.

डोंगर बोर्ली पंचतनच्या मागचा. नकाशात त्याला काही नाव असेल, आम्ही मोठा माथा म्हणतो. घाटावरच्या शिखरांपुढे तो कोणीच नाही, पण इथे चढ समुद्राच्या पातळीपासून सुरू होतो, त्यामुळे चांगलाच अंगावर येतो. सकाळी चढून संध्याकाळी खाली, असा एका दिवसाचा ट्रेक करायला पुण्या-मुंबईची मुलं येतात. पायथ्याच्या वाडीतला गणपत त्यांना वर नेतो. दिनेशलाही त्यानेच नेलं होतं. उतरताना दिनेशच्या लक्षात आलं की टोपी माथ्यावर राहिली. "तुमी व्हा पुढं, मी आलोच," म्हणून तो मागे वळला. गणपत खिंडीत थांबला. मग वर गेला, हाका मारल्या, अंधार पडेपर्यंत शोधलं. नंतर पोलीस आले, दोर लावून दरीत उतरणारी मुलं आली, ड्रोन उडाला. काही नाही. टोपी नाही, चप्पल नाही, रक्ताचा थेंब नाही...

आईने त्या दिवसापासून पुढचं दार बंद करू दिलं नाही. रात्रीसुद्धा नाही. कुत्री येऊन मासे खाऊन जायची, पाहुणे विचारायचे, पण दार उघडंच. रोज त्याचं ताट वाढायची आणि झाकून ठेवायची. वर्ष भरत आलं तसे नातेवाईक म्हणायला लागले, आता विधी उरकून घ्या, पोराला किती लटकत ठेवाल. आई ऐकेना. शेवटी एकदा मला म्हणाली, "मना त्याची येक तरी निशाणी आन. काय पन आन. मंग मी मानीन, माजा पोर गेला."

म्हणून मी गेले. भाऊ सापडेल म्हणून नाही — तो गेलाय हे आईला पटवायला काहीतरी हवं होतं म्हणून. असल्या कामासाठी कोणी डोंगर चढू नये.

आईजवळ शैलाकाकूंना बसवलं. आदल्या दिवशी मुरुडवरून आगरदांड्याला गेले, फेरीबोटीने दिघी, तिथून बोर्लीला मावशीकडे मुक्काम. उजाडताच वाडीत पोचले. गणपत तयार होता. हा एरवी फार बडबड्या माणूस, पाहुण्यांना भलत्याच कथा सांगून हसवणारा, कोणत्या तरी मॅरेथॉनचा टी-शर्ट घालून आपण धावलो असं सांगणारा. माझ्याबरोबर मात्र तो मान खाली घालून चालत होता. मी मुद्दाम विचारलं, "गणपत, आज तोंडाला कुलूप का?"

"काय बोलू ताई? तुमच्या भावाला न्हेलं मी, आनलं न्हाय. अजून काय बोलायचं?"

मी पिशवी खांद्यावर नीट केली आणि चालत राहिले.

अर्ध्या वाटेवर ती खिंड लागते. तिथे शेंदूर लावलेला एक दगड आहे आणि त्याच्यासमोर सपाट कातळ. वर जाणाऱ्याने इथे झाडाची एक डहाळी तोडून ठेवायची, आपली आपल्याला ओळखू यावी म्हणून तिला काहीतरी बांधायचं आणि वर धोंडा ठेवायचा. उतरताना आपली डहाळी आपण उचलायची. वाडीतले लोक मधाला, लाकडाला वर जातात तेव्हाही हेच करतात. कातळावर बघितलं की कोण अजून वर आहे ते कळतं. मला ही पद्धत आवडली, खरं सांगते. देवबिव बाजूला ठेवा, हजेरी म्हणून उत्तम आहे. मी अंजनीची डहाळी तोडली, केसांचा काळा रबर काढून तिला गुंडाळला आणि ठेवली. गणपतने आपली ठेवली.

आणि मग मला तिसरी दिसली. कडेला, धोंड्याखाली. वाळून तपकिरी झालेली, दोन-चार पानं कशीबशी चिकटलेली. तिला निळ्या नायलॉनची दोरी बांधली होती, बोटीला बांधतात ती, आणि गाठ दिनेशची होती. ती गाठ मी रोज आमच्या कपड्यांच्या दोरीला बघते, त्यानेच मारलेली आहे.

"गणपत... ही इथेच आहे?"

"असनारच ना ताई. दुसऱ्याच्या डहाळीला आमी हात न्हाय लावत. भाऊ वर हाय, तर डहाळी हितं हाय."

मला राग आला. वर आहे म्हणे! पण माथा गाठून शोधायचं होतं, मी तशीच पुढे चढायला लागले.

माथ्यावर काय सांगू? वारा होता. खाली सगळी किनारपट्टी पसरलेली, दिघी बंदराच्या क्रेन, समुद्रात जंजिरा शर्टाच्या बटणाएवढा. इतकं छान दिसत होतं की मला त्या दृश्याचाच तिटकारा आला. गणपतने मला एकेक कपार दाखवली, गवत काठीने बाजूला करून दाखवलं. मी गुडघ्यांवर रांगून करवंदीच्या जाळ्यांत हात घातले. कोणाची तरी पाण्याची बाटली मिळाली, वेफर्सची पाकिटं मिळाली. माझ्या भावाचं काही मिळालं नाही. तिथे बसून मी मोठ्याने रडले. गणपत पाठ करून उभा राहिला.

उतरताना खिंडीत आलो तोपर्यंत माझं ठरलं होतं. त्याच्या हातची एकच वस्तू या जगात सापडली होती, ती घेऊन जायची. मी वाकून निळ्या दोरीची डहाळी उचलली.

"ताई, नका!" गणपत खरोखर ओरडला. "आपली घ्या. आपली उचला आधी."

"दोन्ही घेते. तुझा देव काय पावती फाडणार आहे?"

"येका मान्साला येकच. तुमी त्याची न्हेली तर तुमची हितं ऱ्हानार. तुमची ऱ्हाईली म्हंजे..."

"म्हणजे काय? मी वरच राहिले? तुझ्यासमोर उभी आहे ना मी?"

दोन्ही उचलल्या असत्या तर त्याचा देव कोपला असता, असं त्याच्या तोंडावरून दिसत होतं. मला भांडायचं त्राण नव्हतं आणि माझ्या डहाळीची मला काय किंमत? राहू दे म्हटलं. दिनेशची वाळकी डहाळी पिशवीत टाकली आणि चालायला लागले. गणपतने आपली डहाळी उचलली आणि माझ्या मागून आला. वाडीपर्यंत त्याने एकदाही मला हाक मारली नाही.

शेवटच्या फेरीबोटीने रात्री मी काशीदला पोचले. पुढचं दार बंद होतं.

वर्षभरात पहिल्यांदा बंद होतं. मी घाबरून कडी वाजवली. शैलाकाकूंनी उघडलं. त्यांचा चेहरा उतरलेला. "अगं सुरेखा, दुपारी आईच उठल्या आणि दार लावून घेतलं. म्हणाल्या, आला तो. ताट वाढून आत नेलं. मी बघितलं तर खोलीत कोणी नाही. मी काय बोलणार..."

मी सरळ आईसमोर गेले आणि पिशवीतून डहाळी काढली. निशाणी मागितली होतीस ना, ही घे, असं म्हणायचं होतं. मग हातात बघितलं. डहाळी हिरवी होती. भरगच्च पानं, ओली, आत्ता तोडल्यासारखा चीक तुटलेल्या टोकाला. निळी दोरी मात्र तीच, उन्हाने विटलेली, गाठही तीच. वाटेत पिशवी एकदाही माझ्या खांद्यावरून उतरली नव्हती.

आईने डहाळीकडे बघितलंही नाही. तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "हलू बोला. आत माजा पोर झोपलाय. दमून आलाय." मग मला नीट निरखून विचारलं, "तुमी जेवलाव का? कंच्या खोलीत उतरलाव?"

मला वाटलं थट्टा करते. मग वाटलं, धक्का बसलाय, झोपली की ठीक होईल. ते आज कितीतरी महिन्यांपूर्वीचं झालं. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासलं, वयाचं आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. असेल वयाचं. पण तिला शैलाकाकू कळतात. मासेवाली कळते, तिची सून कोणत्या गावची तेही सांगते. पाच वर्षांनी आलेला मामा दारातून ओळखला. फक्त मी कळत नाही.

विधी राहिलाच. जो आत झोपलाय त्याचा विधी कोण करू देईल? त्या पलंगावर कोणी नसतं. मी रोज बघते, रोज चादर झटकते. माझा भाऊ ना मला परत मिळाला, ना मला त्याला निरोप देता आला.

पंधरा-वीस दिवसांनी मी परत खिंडीत गेले. गणपतला अक्षरशः ओढून नेलं. म्हटलं, चूक झाली, माझी डहाळी उचलते, तुझ्या देवाला नारळ देते, काय म्हणशील ते करते. कातळावर धोंडे होते, वाडीतल्या दोघा-तिघांच्या डहाळ्या होत्या. काळ्या रबराची नव्हती. आम्ही सगळी खिंड पालथी घातली. वाऱ्याने गेली असेल, माकडांनी नेली असेल... मी गणपतला विचारलं, कोणी उचलली असेल का?

"आमच्यात दुसऱ्याची कोन उचलत न्हाय, ताई," तो म्हणाला आणि रडायला लागला. या माणसाने दिनेशच्या वेळीही असंच रडून घेतलं होतं म्हणे.

वाचणाऱ्यांपैकी कोणाला याचा अर्थ लागत असेल तर जरूर कळवा. मला लागलेला नाही. हसलात तरी चालेल, मीही हसले असते. हिरवी डहाळी मी पाण्यात ठेवली होती, ती चार दिवसांत सुकली, एवढं सोडलं तर माझ्याकडे दाखवायला काही नाही.

आता संध्याकाळ झाली की आई पुढचं दार परत उघडते. दोन ताटं वाढते. एक आतल्या खोलीत नेते आणि दुसरं झाकून ठेवते. मग उंबऱ्यात बसते. मी तिच्याशेजारी जाऊन बसते, तिचा हात हातात घेते, ती घेऊ देते. आणि रस्त्याकडे बघत मलाच विचारते, "बाय, तुमी त्या डोंगरावरनं आलाव ना? माजी सुरेखा दिसली का वो तुमाला? लय येल झाला, पोरगी अजून उतरली न्हाय."