अकरा शुद्ध शब्द

ज्ञानेश्वरी माझ्या टायपिंग क्लासला आली तेव्हा एकवीस वर्षांची होती. वडील मुंजाबा कन्नडच्या बाजूला मेंढ्या घेऊन फिरायचे. ही शहरात, छावणी भागात मावशीकडे राहून रोज क्रांती चौकात माझ्याकडे यायची. मेंढरांमागं वाढलेली पोर एका जागी बसणार कशी, असं मला वाटलं होतं. मूर्ख होतो मी. वर्षभरात तिनं मिनिटाला पन्नास मराठी शब्दांचा वेग गाठला. माझ्याकडं तोवर कुणी चाळिशी ओलांडली नव्हती.

खोड एकच. टाईप करताना ती मजकूर पुटपुटायची, आणि तोही घरच्या बोलीत. कागदावर 'तिथे' छापलेलं असलं तरी तिच्या पडद्यावर 'तिथं' उमटायचं. आमच्या कीबोर्डवर अनुस्वार डाव्या करंगळीखाली आणि मात्रा शेजारच्याच बोटाखाली, पण तिची करंगळी काही ऐकायची नाही. राग माझ्या नाकावरच असतो. चुकलेला शब्द मी शंभर-शंभर वेळा टाईप करून घ्यायचो. 'नाय'चं 'नाही', 'तिथं'चं 'तिथे', असं चार महिने चाललं. शेवटी तिची बोटं सुधारली, आणि मी चारचौघांत त्याची बढाईही मारली.

जिल्ह्याची टायपिंग स्पर्धा जवळ आली तेव्हा मी तिला सांगितलं, "पहिली आलीस तर सकाळची बॅच शिकवायला तू."

"अन् नाय आले तर?"

"नाही आले तर, असं म्हण. मग दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

"मग मला कन्नडला माघारी जावं लागंल, सर. मावशी किती दिवस ठेवणार?"

स्पर्धेत तिचा वेग सगळ्यांत जास्त निघाला, पण निकालात ती दुसरी. अकरा शब्द चुकले होते. मी तावातावानं परीक्षक बाईंकडं गेलो. त्यांनी उतारा माझ्यापुढं सरकवला. आठवडी बाजारातलं बोलणं होतं ते. 'तिथं लई गर्दी नाय का?' अशी वाक्यं. ज्ञानेश्वरीनं त्यातले अकरा शब्द शुद्ध करून टाकले होते.

"समोर आहे तेच टाईप करायचं असतं," बाई म्हणाल्या. "दुरुस्त करायला हिला कुणी सांगितलं?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती बाहेर पायरीवर बसली होती. डोळे पुसून झाले होते.

"बोटं आपोआप गेली, सर. मला कळलं पण नाय."

या वेळी मी तिला टोकलं नाही. तिच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "सोमवारपासून सकाळची बॅच तू घे."

"पण मी पहिली नाय आले."

"व्हय," मी म्हणालो, "माझ्यामुळं."