पाचोडच्या आठ नळ्या

फेब्रुवारी, पाचोडच्या बाजाराचा दिवस. हजर : मी (प्रयोगशाळेची व्यवस्था पाहणारी), आमची पीएचडीची विद्यार्थिनी, गाडीचे ड्रायव्हर, गावच्या आशाताई आणि साठीपुढचे आठ जण. गैरहजर : कोणी नाही. असं क्वचितच लिहायला मिळतं.

आम्ही बाजाराच्या दिवशीच जातो. आसपासच्या वाड्यांवरची माणसं त्या दिवशी गावात येतातच, वेगळा हेलपाटा पडत नाही. विद्यार्थिनीचा विषय टी-पेशींचा. रक्तातल्या या पेशी एकदा अंगात शिरलेला आजार ओळखून ठेवतात. म्हातारपणी ती ओळख कितपत टिकते, हे तिला पाहायचंय. प्रबंधाचे शेवटचे आठ नमुने राहिले होते आणि तपासणीच्या रसायनाची मुदत महिनाअखेर संपणार होती.

साडेदहापर्यंत सगळ्यांचं रक्त काढून झालं. यादीवर शेवटची खूण करून मी नळ्यांची पेटी उचलली, तर ती जड लागली. आणि गार. उघडून पाहते तो आठही नळ्या बर्फाच्या पाकिटांत गळ्यापर्यंत रुतलेल्या.

आशाताईंनी कित्येक वर्षं पोलिओच्या लशी सांभाळल्यात. तशी पेटी दिसली की बर्फ भरायचा, हे त्यांच्या हाताला ठाऊक. त्यांनी आरोग्य केंद्रातली पाकिटं आणून मनापासून भरली होती. टी-पेशींना मात्र खोलीतली साधी हवाच मानवते. रक्त गारठलं की त्यातून त्या नीट वेगळ्या निघत नाहीत. माझ्या बावीस कलमांच्या यादीत 'बर्फ नको' हे कलमच नव्हतं. प्रयोगशाळेत ते सगळ्यांना माहीत, म्हणून कधी लिहिलं नाही. चूक माझी, आणि आशाताईंना मी तसं सांगितलं.

बाजार अजून उठला नव्हता. नमुना वाया गेला तर नव्याने सही घेऊन एकदा पुन्हा रक्त घ्यायची मुभा आम्हाला होती, आणि रक्त लागायचं दोन चमचे. आशाताई पुढे, आम्ही मागे. एक आजोबा दाढीला बसले होते, अर्धा गाल साबणात; त्यांनी मानेनेच होकार दिला. एक आजी मिरच्यांच्या ढिगामागे होत्या.

"माझं रगत गार पडलं म्हणून मलाच टोचता व्हय?"

विद्यार्थिनीने त्यांना खरं ते सांगितलं. नाही म्हणालात तरी चालेल, पण माझे शेवटचे नमुने हेच आहेत.

आजींनी ढीग शेजारणीवर सोपवला. "चल पोरी. या बारीला डावा हात घे. आन् त्या आशाला लांब बसव, नायतर पुन्हा कुल्फी लावील."

सगळ्यांत जास्त आशाताईच हसल्या.

एक वाजेपर्यंत सात जण येऊन गेले. नळ्या टॉवेलात गुंडाळून विद्यार्थिनीने संभाजीनगरपर्यंत मांडीवर आणल्या. संध्याकाळी तिने मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. गोल, चकचकीत, जिवंत पेशी. तिने सातही नमुने मला एकेक करून दाखवले. मी तीनवर थांबायला तयार होते.

आठवे आजोबा आधीच्याच एसटीने घरी गेले होते. फोनवर म्हणाले, हरभरा सोंगायला आलाय, आता बाजार नाय. शेतात या आणि खुशाल टोचा. शेतात जाऊन रक्त घ्यायचं तर संस्थेच्या नैतिकता समितीची वेगळी परवानगी लागते. महिना संपायला नऊ दिवस आहेत. अर्ज मीच लिहायला घेतलाय. अजून विषयाच्या ओळीपलीकडे गेलेला नाही.