सत्यशीलाचा चौथा प्रश्न

सत्यशीला पहाटे सव्वापाचला आमच्याकडे येते. मी दार उघडते, एक अक्षर न बोलता परत आडवी होते, आणि बाहेरच्या खोलीतून तिचं हळू आवाजातलं इंग्रजी सुरू झालं की माझी झोप गेलेलीच असते. तीन वर्षं असंच चाललंय. कुणी विचारलं तर मी हे आनंदानं करते असं सांगते, पण ते खरं नाही. शेजारधर्म पहाटेच्या वेळी फार जड जातो.

तिच्या घरी नेट नाही. देवळाली प्रवरात आमच्या गल्लीत फायबरची वायर आली ती आमच्या दारातल्या खांबापर्यंत. समोर तिच्या घरापर्यंत न्यायला आणखी दोन खांब लागतात, आणि ते दोन खांब तीन वर्षं झाली, उद्या येणार आहेत. म्हणून तिचा लॅपटॉप माझ्या शिलाई मशीनवर असतो आणि माझं शिवणकाम पलंगाखाली.

आम्ही दोघी एकाच विनाअनुदानित शाळेत शिकवतो. मी गणित, ती इंग्रजी. विनाअनुदानित म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी सुखात राहावं. शाळा बंद होत्या त्या दोन वर्षांत सत्यशीलानं आमच्या मुलांसाठी सोप्या इंग्रजीत छोटे छोटे उतारे लिहून नेटवर फुकट टाकले. आमच्या मुलांनी ते फारसे वाचले नाहीत. वाचले कुणी, तर कोलंबियातल्या कुणीतरी. मग पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला. स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांना इंग्रजी शिकवणारी त्यांची एक साइट आहे. तिच्यात शब्दांचे खेळ आहेत, ऐकायचे धडे आहेत, आणि ‘सांस्कृतिक वाचन’ म्हणून एक भाग आहे. एकेका देशातल्या जगण्यावर एकेक उतारा आणि खाली पाच प्रश्न. भारताचे उतारे सत्यशीला लिहिते, आणि पहाटे तेच उतारे घेऊन अकरा जणांचा वर्ग घेते.

आपल्याकडे उजाडतं तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. दिवसभर राबून दमलेली माणसं आणि दिवस सुरू व्हायच्या आधीच दमलेली बाई, असा तो वर्ग. शब्दाच्या सुरुवातीला स आणि क जोडून आले की त्यांची जीभ अडते. ती ‘एस्कूल’ म्हणतात. आमची पाचवीची पोरं ‘इस्कूल’ म्हणतात. सत्यशीला म्हणाली, “मला तर तिथं घरच्यासारखंच वाटतं.”

वर्ग संपला की शाळा, शाळेनंतर दहावीच्या शिकवण्या, संध्याकाळी नवा उतारा. मधे आईचं औषध, आईचं डॉक्टर. लग्नाचं राहूनच गेलं. मी कितीदा म्हटलं, “बाई, एक दिवस झोप.” तर ती म्हणायची, “माझ्या आईनं काय केलंय ते तुला माहीत नाही, सविता.” मला माहीत होतं. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. सत्यशीला पाथर्डीकडची. आई-बाप ऊसतोडीला इकडं राहुरी भागात यायचे. ती सहा वर्षांची असताना लंकाबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, तिला गावी रंगुबाई आजीकडे ठेवलं. पोरगी शिकावी म्हणून काळजावर दगड ठेवला, आणि त्याच थंडीत उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या झोपडीत, कोपीत, तिच्या धाकट्या भावाला, कानिफला जन्म दिला. कानिफ फडातच वाढला आणि आता ट्रॅक्टर चालवतो. सत्यशीला मात्र एम. ए., बी. एड. झाली. एका आईनं एवढं केलं त्या अर्थी आपण सुखानं बसायचं नाही, हे तिनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं. तिचं सगळं जगणं त्या एका गोष्टीवर उभं होतं. मला त्या गोष्टीचा मनातून राग यायचा, पण दुसऱ्याच्या आईबद्दल असं बोलता येत नाही.

मेक्सिकोत दहा मे हा आईचा दिवस असतो. कंपनीनं सांगितलं, “या वेळी आईवर लिहा, स्वतःच्या आईवर लिहिलंत तर उत्तम.” शाळेला सुटी लागली होती, आम्ही सगळ्या दुपारी पंखा लावून लोळत होतो, आणि ही बया मान मोडून आईला तीनशे शब्दांत बसवत होती. कंपनीचा नियम असा की पहिल्या पायरीच्या हजार शब्दांबाहेरचा शब्द वापरायचा नाही. त्या हजारात ऊस नाही. मुकादम तर नाहीच. तिनं लिहिलं, ‘ज्या उंच गवतापासून साखर होते ते गवत माझी आई कापायची.’ नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, एकट्या बाईला किंवा एकट्या पुरुषाला कुणी कामावर घेत नाही, हे मात्र तिनं चार सोप्या वाक्यांत छान बसवलं. शेवटी पाच प्रश्न. चौथा प्रश्न असा: लंकाबाईनं मुलीला गावी का ठेवलं? अ, कोपीत जागा नव्हती. ब, मुलीनं शाळेत जावं म्हणून. क, लंकाबाई थकली होती. ड, मुलीला आजी आवडायची. बरोबर उत्तर ब. बाकीचे तीन तिनं पाच मिनिटांत पाडले, कारण चुकीच्या पर्यायांत सोपे शब्द हवेत, आणि ‘थकली’ हा हजारातला शब्द आहे.

त्या सकाळी मी जागीच होते. भिंतीपलीकडून उतारा वाचलेला ऐकला. एव्हारिस्तो म्हणून एक म्हातारा आहे, तो एकदम बोलायला लागला. त्याच्या गावीही ऊस आहे, तोडणीच्या हंगामाला ते ‘साफ्रा’ म्हणतात, त्याचा बापही तोडायचा. सत्यशीला खूश झाली. कोपी कशी असते हे मग तिला सांगावंच लागलं नाही. मग प्रश्न सुरू झाले. पहिले तीन सगळ्यांना आले. चौथ्याला अकरापैकी नऊ जणांनी क दिलं.

शिक्षकाला हे कळतं. नऊ जण चुकले तर प्रश्न चुकलाय. पण सत्यशीलानं उतारा परत वाचून दाखवला, शाळेचं वाक्य दोनदा वाचलं. तेव्हा लिमाची रोसाल्बा बोलली. ही बाई लोकांच्या घरी कामं करते, दिवसभर, आणि कामावरचा ड्रेस न बदलताच वर्गाला बसते. तोडक्यामोडक्या इंग्रजीत ती म्हणाली, “टीचर, माझी मुलगीसुद्धा गावी आईकडे आहे. मीपण सगळ्यांना शाळा सांगते. शाळा खरी आहे. पण मी थकले होते.” सत्यशीलानं “बरोबर उत्तर ब,” म्हणून वर्ग दहा मिनिटं आधीच संपवला.

मी चहा केला, तोवर ती बाहेर पडली होती. तिचा चेहरा पाहिलेला, म्हणून मी दोन्ही कप घेऊन मागं गेले. लंकाबाई दारातल्या ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. सत्तरी उलटली, गुडघे गेले, पण हात रिकामा ठेवत नाहीत.

“आज लवकर सुटली व्हय शाळा?” त्या म्हणाल्या.

सत्यशीलानं कागद काढला आणि चौथा प्रश्न मराठीत वाचून दाखवला. चारही पर्याय सांगितले. बरोबर कुठला ते सांगितलं नाही. मला वाटतं, आईनं ब म्हणावं एवढ्यासाठीच ती आली होती, म्हणजे त्या नऊ जणांचं तोंड बंद झालं असतं. लंकाबाईंनी नीट ऐकून घेतलं. एकदा परत वाचायला लावलं.

“तिसरं,” त्या म्हणाल्या.

“तिसरं कुठलं?”

“थकल्याली हुती, ते.”

“आई, तू शाळेसाठी ठेवलंस ना मला?”

“ते म्या मागून म्हणलं. तू चौथीत पयली आलीस, तवा गुरुजी म्हणले, लंकाबाई, पोरीला मागं ठिवली हे लई चांगलं केलं. म्या म्हणलं, व्हय. मग तेच तोंडात बसलं.”

“मग खरं काय हुतं?” सत्यशीला एरवी आईशीही पुस्तकी बोलते. तेव्हा तिची जीभ आपोआप गावी गेली.

“खरं काय असनार? कानिफ पोटात हुता, सातवा लागल्याला. मी न्हाई म्हणले असते तर तुझ्या बापाला एकट्याला कोन घेतंय? पहाटं फडात जायाचं, मोळ्या डोक्यावर घ्यायच्या, गाडी भरायची, मग सैपाक. आन् तू निजताना पोटाला चिकटायचीस. कूस बदलू द्यायची न्हाईस. म्हणलं, हिला आईपाशी ठिवली तर मला पाठ तरी टेकता यील. एवढंच हुतं मनात. शाळा कुठली आलीय?”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“काय सांगू? आई थकली म्हणून लेकराला ठिवून गेली? असं कुनी सांगतं व्हय? शाळंचं सांगाया बरं वाटलं. तुलाबी बरं वाटलं.”

सत्यशीलानं कागदाची घडी घातली. मला आधी वाटलं ती चिडेल, आणि खरं सांगायचं तर चिडावी असंही वाटलं. पस्तीस वर्षं एका बाईला कुणी निवांत बसू दिलं नाही, तर निदान चिडायला हरकत नसावी. पण तिनं वेगळंच विचारलं.

“मग लागली का गं झोप?”

लंकाबाईंनी लसूण खाली ठेवला. “न्हाई,” त्या म्हणाल्या. “कूस मोकळी हुती. तरी न्हाई लागली.”

मला रडू आलं. त्या दोघी रडल्या नाहीत, मीच रडले, हातात दोन कप घेऊन. थोड्या वेळानं सत्यशीला म्हणाली, “माझ्या शाळेपायी तुझे हाल झाले असं वाटायचं मला. नुसतं बसायची लाज वाटायची.”

“मग बस की आता,” लंकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी ओट्यावरची साल हातानं झाडून जागा केली. ती बसली. निवलेला चहा प्याली. त्या दिवशी शिकवणीच्या मुलांना तिनं परत पाठवलं, आणि उत्तरसूची बदलून कंपनीला पाठवली. उतारा आणि उत्तर जुळत नाही, असं कंपनीनं दुपारी कळवलं. तिनं उताऱ्यातलं शाळेचं वाक्य काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सव्वापाचला ती आली नाही. सवयीनं मला जाग आली होतीच. साडेपाच वाजत आले तशी मी ओढणी घेऊन समोर गेले. लंकाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या, दाराला पाठ लावून. आत अंधार होता, पंखा चालू होता.

“निजलीया,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “उठवू नका, सविताबाई. थकलीया ती.”

मी घरी येऊन लॅपटॉप उघडला. वर्गातली माणसं जमायला लागली होती. एव्हारिस्तो होता, रोसाल्बा तशीच कामावरच्या ड्रेसमध्ये होती. मी गणिताची बाई, इंग्रजी माझं बेताचंच. केस तसेच विस्कटलेले घेऊन मी मशीनसमोर बसले आणि म्हणाले, “टीचर इज टायर्ड.” अकराच्या अकरा जणांनी मान डोलावली. कुणी का म्हणून विचारलं नाही.