टीव्हीच्या काचेवरची थुंकी

माझ्या घरात लिंबू-मिरची येते ती फक्त खाण्यासाठी. दाराला काही टांगलेलं नाही, कुणाची दृष्ट कधी काढली नाही, आणि अमावास्या कधी येते ते कॅलेंडर पाहिल्याशिवाय मला कळत नाही. या सदरातले अनुभव मी वाचते. त्यातले निम्मे तरी अपचनाचे असावेत असं माझं प्रामाणिक मत आहे. तरीही लिहिते आहे. कारण हे भर दुपारी झालं, तिघींनी पाहिलं, आणि आठवलं की मला भीती वाटत नाही... किळस येते.

आधी जागा सांगते. भिवंडी, नव्वदीची सुरुवात. आमची दुमजली इमारत, आम्ही वरच्या मजल्यावर. मागे पत्र्याच्या शेडमध्ये पॉवरलूमचा कारखाना. त्याचे मालक खालच्याच मजल्यावर राहायचे, आणि त्यांची बायको रुकय्या आपा आमच्याकडे टीव्ही बघायला यायची. कपाट, पलंग, टीव्ही - सगळ्यावर कापसाची बारीक रुई बसायची. सकाळी पुसा, संध्याकाळी पुन्हा पुसा.

माझी नणंद सुलभा तेव्हा आमच्याकडेच असायची. तिचा नवरा दिलीपही आधी आमच्याकडेच राहायचा आणि याच शेडमध्ये लूम चालवायचा. एके दिवशी ड्युटी संपवून बाहेर पडला तो घरी आलाच नाही. पोलीस झाले, नातेवाईक झाले, हॉस्पिटलं पालथी घातली. काही नाही. काही वर्षांनी वकिलाने रीतसर कागद केले. कायद्याने सुलभा मोकळी झाली - मनाने नाही.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण तो गेला आहे की नाही हेच ठरलेलं नाही, म्हणून बोलते. दिलीप तंबाखू खायचा आणि थुंकायचा. मोरीत, खिडकीतून, जिन्याच्या कोपऱ्यात. त्यात लूमवरची ती सवय. धोट्यात, म्हणजे लूमवर आडवं सूत नेणाऱ्या लांबट लाकडी तुकड्यात, सुताची नवी कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढावं लागतं. त्यासाठी हे लोक धोटा सरळ तोंडाला लावतात आणि श्वासाने सूत ओढून घेतात. सुताबरोबर रुई तोंडात येते, ती थुंकून टाकायची. तोच धोटा दिवसपाळीवाल्याच्या तोंडात, तोच रातपाळीवाल्याच्या. एकदा दिलीपचा डबा द्यायला गेले होते तेव्हा पाहिलं आणि घरी येऊन जेवले नाही. सगळेच तसं करायचे, पण दिलीपची एक तऱ्हा होती. ओढताना मान डावीकडे कलती, मग अंगठ्याने खालचा ओठ पुसायचा, आणि मग पचकन्.

आता मुद्द्याचं. केबल नुकतीच आली होती. एका चॅनेलवर दुपारच्या वेळी जुन्या परदेशी विज्ञान-मालिका पुन्हा दाखवायला लागले. त्यात एक अंतराळयानाची मालिका होती. आधी, एकच चॅनेल होतं त्या काळात, आम्ही ती रविवारी सगळे मिळून पाहिली होती. दिलीपसकट. म्हणून सुलभा ती पुन्हा चुकवत नसे. हातातलं काम टाकून बसायची, आणि कुठे कोण काय बोललं होतं ते सांगायची. "इथे ते हसले होते, वहिनी." "इथे ते म्हणाले होते, हे सगळं पुठ्ठ्याचं आहे." थुंकल्याचं मात्र तिला आठवत नसे.

"मालिका रिपीट होते," मी एकदा म्हटलं, "माणूस होत नाही."

मी रागावायला कारण होतं. मानकोलीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम करणाऱ्या एका विधुराचं स्थळ सुलभाला आलं होतं. सरळ, शांत माणूस. दोनदा येऊन गेला, चहाचा कप स्वतः उचलून आत ठेवला. त्याला रविवारी उत्तर द्यायचं होतं, आणि बाईसाहेब 'अजून थोडं थांबू' वरून हलत नव्हत्या. यानंतर असं स्थळ येणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

त्या शुक्रवारी हाच विषय चालला होता. शुक्रवारी भिवंडीत लूम बंद. त्यामुळे शांतता, आणि व्होल्टेज पूर्ण - टीव्हीचं चित्र त्या दिवशी अगदी स्वच्छ यायचं. आपा ओढणी सावरत वर आली.

"चलो भाभी, आज करंट फुल्ल हाय. आज तुमचं ते विमान नाचणार न्हाय."

"विमान नाही आपा, यान," सुलभा म्हणाली.

"जो भी हो. तू हो बोललीस का नाही त्या मानकोलीवाल्याला?"

सुलभा माझ्याकडे बघून, "वहिनी, ते जिवंत असले तर?"

"असला तर त्याला पत्ता माहीत आहे," मी म्हटलं.

भाग सुरू झाला. मला तो चांगला आठवत होता. यानातल्या लोकांना एक भरकटलेलं जहाज सापडतं. आत माणसं ओळीने यंत्रांपुढे उभी असतात, झोपेत असल्यासारखी, आणि नुसती काम करत असतात. कॅमेरा त्या ओळीवरून सरकत गेला. रुपेरी कपडे, गोरे चेहरे, बटणं दाबणारे हात. आणि ओळीच्या टोकाला एक सावळा माणूस.

त्याने यंत्रावरून लांबट काहीतरी उचललं. मान डावीकडे कलती केली. ते तोंडाला लावलं आणि ओढलं. अंगठ्याने खालचा ओठ पुसला.

"या अल्लाह," आपा म्हणाली. "ये तो अपना दिलीप है!"

मी काही बोलायच्या आत त्याने समोर पाहिलं - आमच्याकडे - आणि थुंकला. पुढच्या क्षणी दुसरं दृश्य आलं. यानाचा कप्तान काहीतरी समजावून सांगत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून एक थेंब खाली ओघळत होता.

मी उठून जवळ गेले. थेंब काचेच्या बाहेरच्या बाजूला होता. पिवळट, त्यात रुईची ओली गुठळी आणि सुताचा एक बारीक तुकडा. तंबाखूचा वास. मी मोरीकडे धावले, तोंडावर पाणी मारलं, फडकं ओलं करून परत आले. पण हात पुढे होईना.

सुलभा उठली. "द्या इकडे. मला सवय आहे."

तिने काच पुसली. एकदा, दोनदा. फडक्याची घडी घालता घालता ती थांबली आणि बोटांकडे बघत म्हणाली, "कोमट आहे."

आपा भिंतीला टेकून पुटपुटत होती. सुलभाने फडकं खिडकीतून खाली टाकलं - आमच्या घरात पहिल्यांदाच तिने खिडकीतून काही टाकलं - हात साबणाने धुतले आणि टीव्ही बंद केला.

"इतक्या वर्षांनी तोंड दाखवलं, तेही असं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "वहिनी, रविवारपर्यंत कशाला थांबायचं? आजच होकार कळवा."

कळवला. लग्न झालं. ती आज मजेत आहे.

मी मात्र मिळतील तितक्या शक्यता तपासल्या. त्या दुपारी घरात तंबाखू खाणारं कुणी नव्हतं. आपा सुपारीसुद्धा खात नसे. खिडकी टीव्हीच्या मागच्या बाजूला, तिथून काचेवर काही उडणं शक्य नव्हतं. केबलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, वरून येतं तेच आपण दाखवतो." पुढे ती मालिका आणखी एकदा लागली, तेव्हा मी तो भाग मुद्दाम पाहिला. ओळीच्या टोकाला एक गोरा, टकला नट होता. बटणं दाबत होता. बस्स.

दिलीप मेला असेल तर थुंकी कोमट कशी? आणि जिवंत असेल तर ती आली कुठून? मला आजही सांगता येत नाही. तो जिवंत आहे का, हा पूर्वी सुलभाचा प्रश्न होता. तिने तो त्या दुपारी पुसून टाकला. आता तो माझा झाला आहे.