गरे खा, आठळ्या परत द्या

लिहिण्याची मला सवय नाही, जमेल असंही वाटत नाही. पण संताजीरावांच्या शेजारी बावीस वर्षं मीच राहिलो, तेव्हा हे मलाच सांगायला हवं.

म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातले ते, पोस्टातून निवृत्त झालेले. परसात एकच फणस. गरे कापे, तांब्यासारखे लाल. तसा फणस आसपास कुठं नाही, आणि कुणीतरी तो पळवील या संशयात त्यांचं आयुष्य गेलं. गल्लीभर गरे वाटायचे, पण प्रत्येक वाटीबरोबर बजावायचे, "आठळ्या परत. अकरा आहेत." आलेल्या आठळ्या मोजून सांबारात जात. "सगळी गल्ली चोर, आम्ही दोघंच साव," श्रीलक्ष्मीवहिनी म्हणायच्या. छाटलेल्या फांद्या मात्र ते बकऱ्यांसाठी कुंपणाबाहेर टाकत.

यंदा किडीनं बुंधा पोखरला. वहिनींनी फळसंशोधन केंद्रातल्या ऋचाबाईंना बोलावलं. त्या खोडावर टकटक करून म्हणाल्या, "काका, हे फार तर वर्षभर टिकेल. काड्या द्या, कलमं बांधते."

"काड्या कशाला? मी आठळ्या लावीन."

"आठळीतून हेच झाड येत नाही. प्रत्येक आठळीचं झाड निराळं. तीही आम्हाला हवीच असतात, एखादं याहून सरस निघतं. इतक्या वर्षांच्या आठळ्यांचं काय केलंत?"

"खाल्ल्या," वहिनी आतून म्हणाल्या.

संताजीराव माझ्याकडे वळले. "बघितलंस? आठळीला नावं ठेवायची नि काडी न्यायची. सुम्ने, उगाच कोण येतंय इथं? अल्वा, खरं ना?"

ऋचाबाईंनी पिशवी उचलली. त्या गेल्या असत्या तर तो फणस संपला असता. त्यांचं खरं होतं, हे मला त्याच क्षणी पटलं. कसं, ते सांगायची लाज वाटत होती.

बारा वर्षांपूर्वी मी दहाच आठळ्या परत केल्या होत्या. अकरावी हरवली म्हणालो आणि शहराबाहेर येलवालला माझ्या जागेत लावली. आठव्या वर्षी फळ आलं. बरका फणस, फिकट, बुळबुळीत. संताजीरावांनी वाटीत दुसऱ्याच कुठल्या झाडाचा गरा मिसळून मला फसवलं, असं मी तेव्हापासून धरून चाललो होतो.

हे सगळं मी सांगून टाकलं.

"कळ्ळ," ते म्हणाले. चोराला ते कन्नडातच चोर म्हणत. मग त्यांनी विचारलं, "बरका? खोटं नाही ना?"

"वहिनींनी खाल्लेत. बैलकुप्प्याच्या बाजारातले म्हणून दिले होते मी."

"ते होय," वहिनी म्हणाल्या. "बकरीनंही टाकले असते."

संताजीराव उठले, स्वतः सहा काड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या. ऋचाबाईंनी हात पुढे केला, पण काड्या न देता ते त्यांच्या गाडीत जाऊन बसले. मी तिथंच उभा राहिलो.

"तूही बस मागं," ते म्हणाले. "तुला झाडापाशी एकटा सोडत नाही मी."